कडीला कुलूप, तरी पार्सल ‘सुपूर्द’

ट्रॅकिंगमध्ये ‘डिलिव्हर्ड’ दिसतं आणि दारात काहीच नसतं. ग्राहक सेवेला फोन केला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘आमच्या नोंदीप्रमाणे पार्सल पोहोचलंय, चोरीला गेलं असेल तर पोलिसांत तक्रार करा.’ बहुतेक लोक इथेच हात टेकतात, आणि त्याचं वाईट वाटतं. चोर कोण हे पोलिसांनी शोधायचं. पण वस्तू ग्राहकाच्या ताब्यात आली की नाही, हा वेगळा मुद्दा आहे. ती आली नसेल तर पैसे परत मागता येतात, चोर सापडो वा न सापडो.

खाली लिहिलेले टप्पे आम्हाला ४,२९९ रुपयांच्या एका मिक्सरसाठी पहिल्या फोनपासून जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत पार करावे लागले. प्लॅटफॉर्म, विक्रेता आणि कुरिअर यांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत. प्रक्रिया सगळीकडे सारखीच आहे.

आधी कायदा पाहू, कारण पुढचा प्रत्येक कागद त्याच्यावर उभा राहतो. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३३ नुसार डिलिव्हरी दोन प्रकारे होते. एक, दोन्ही पक्षांनी ज्याला डिलिव्हरी मानायचं ठरवलं ते करणं. दुसरा, माल खरेदीदाराच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात देणं. कुलूप लावलेल्या दारासमोर खोकं टेकवून निघून जाणं या दोन्हींत बसत नाही, जोवर तुम्ही तसं करायला सांगितलेलं नाही. समोरची बाजू याच कायद्याचं कलम ३९ दाखवते: माल वाहतूकदाराकडे सोपवला की तो खरेदीदाराला दिल्यासारखाच. पण ते कलम ‘प्रथमदर्शनी’ असं म्हणतं, म्हणजे उलट पुरावा देता येतो. ऑर्डर घेताना घरपोच द्यायचं कबूल केलेलं असतं, कुरिअर त्यांनी निवडलेला असतो, ग्राहकाला त्यात विचारलेलंही नसतं. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम १०० प्रमाणे हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना बाजूला सारून नाही. निष्काळजीपणे दिलेली सेवा ही त्यातल्या ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत येते.

‘जोवर तुम्ही सांगितलेलं नाही’ हे शब्द नीट लक्षात घ्या. सर्वांत जास्त तक्रारी इथे ढासळतात. डिलिव्हरीवाला फोन करतो, ‘घरी कोणी नाही, दारात ठेवू का?’ आणि आपण गडबडीत ‘हो, ठेव’ म्हणून मोकळे होतो. ती परवानगी झाली. ‘शेजारच्या काकूंकडे द्या’ म्हटलं, तर काकू तुम्ही नेमलेल्या व्यक्ती झाल्या आणि त्यांच्या हातात दिल्यावर डिलिव्हरी पूर्ण झाली. मात्र काकूंकडे द्या सांगितलं असताना दारातच ठेवून गेला असेल, तर ती पूर्ण झालेली नाही. अ‍ॅपमध्ये पत्त्याखाली डिलिव्हरीच्या सूचनांचा रकाना असतो. तिथे पूर्वी कधीतरी ‘दारात ठेवा’ निवडलेलं असेल, तर तीच सूचना प्रत्येक ऑर्डरला लागू होत राहते. तक्रार लिहिण्याआधी तो रकाना उघडून बघा. परवानगी दिली असेल तर ती लपवू नका. कंपनीकडे नोंद असते, आणि एक खोटं वाक्य सापडलं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. ओटीपीचंही तसंच. बाहेर असताना फोनवर ओटीपी सांगितला, तर वस्तू मिळाल्याची पोच आपणच दिली असा अर्थ लावला जातो.

आता पहिला तास. घरातल्या सगळ्यांना, समोरच्या आणि खालच्या घरात, वॉचमनला, सोसायटीच्या ऑफिसात विचारा. मीटरबॉक्सच्या मागे आणि जिन्याच्या वळणावर बघा, तिथे खोकी सरकवून ठेवलेली सापडतात. हे आधी करायचं, कारण तक्रार नोंदवल्यावर पार्सल शेजारी सापडलं तर पुढच्या वेळी तुमचं कोणी ऐकणार नाही. त्याच तासात ट्रॅकिंगच्या पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ आणि ‘कोणाकडे दिलं’ ही ओळ दिसली पाहिजे. ही पानं पुढे बदलतात किंवा जुनी नोंद दिसेनाशी होते. बिल लगेच डाउनलोड करा आणि त्यावर ‘विक्रेता’ म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा. आपण ज्या अ‍ॅपवरून घेतलं तो बहुतेक वेळा विक्रेता नसतो. बिल दुकानाच्या किंवा धंद्याच्या जीएसटी क्रमांकावर निघालं असेल, तर पुढे ‘ही व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी आहे, हा ग्राहकच नव्हे’ असा आक्षेप येतो. थोडी करसवलत मिळते म्हणून घरच्या वस्तूवर तो क्रमांक टाकायची सवय इथे महागात पडते.

मग डिलिव्हरीचा पुरावा मागायचा. त्यासाठी एकच वाक्य पुरतं: ‘डिलिव्हरीच्या वेळी काढलेला फोटो, स्वीकारणाऱ्याचं नाव व सही, ओटीपी वापरला असल्यास त्याची वेळ आणि डिलिव्हरीच्या ठिकाणाची जीपीएस नोंद द्यावी.’ चॅटवर मागितलं तरी लगेच ईमेलनेही मागा, कारण चॅटची खिडकी बंद झाली की मजकूर जातो. मिक्सरच्या प्रकरणात तीन दिवसांनी फोटो आला. शू रॅकला टेकवलेलं खोकं, त्यावर पत्त्याची चिठ्ठी आणि वरच्या कोपऱ्यात दाराची कडी. मोठा करून पाहिल्यावर कडीला लावलेलं पितळी कुलूप स्पष्ट दिसलं. ट्रॅकिंगमध्ये मात्र त्याच मिनिटाला ‘ग्राहकाकडे सुपूर्द’ अशी नोंद होती. बाहेरून कुलूप असलेल्या घरात पार्सल घेणारा ग्राहक कुठून येणार? कंपनीच्याच फोटोने कंपनीची नोंद खोटी पाडली. त्यामुळे फोटो आला की नुसतं ‘हो, आमचंच दार’ म्हणून ठेवून देऊ नका. कुलूप, फरशीचा रंग, पायपुसणं, दारावरचा नंबर, सावली कुठे पडली आहे, सगळं तपासा. फरशी तुमच्या मजल्याची नसेल तर पार्सल भलत्याच दारी गेलंय, आणि मग चोरीचा विषयच उरत नाही.

सीसीटीव्हीसाठी सेक्रेटरींना त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. डीव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातली, हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चढतं. कॅमेरे जास्त आणि डिस्क लहान असेल तर आठवडाभरातही चित्रण पुसलं जातं. अर्जात ‘दुपारचं फुटेज’ असं मोघम लिहू नका. कोणता कॅमेरा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे लिहा. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का, हे मात्र फारसं कोणी बघत नाही. या प्रकरणात ते ११ मिनिटं पुढे होतं. त्यामुळे ट्रॅकिंगची १.०३ ची वेळ आणि चित्रणातली वेळ जुळेना, आणि नेमकं त्यावरच समोरच्याने बोट ठेवलं असतं. उपाय सोपा आहे. डीव्हीआरच्या पडद्यासमोर स्वतःचा मोबाईल धरून दोन्ही घड्याळं एकाच फोटोत येतील असा फोटो काढायचा. फुटेज पेन ड्राइव्हवर मूळ फाइलच्या रूपात घ्या. पडद्याचं मोबाईलवर केलेलं शूटिंग फक्त जोडीला. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांना दिवाणी कोर्टाइतका चिकटून राहत नाही. तरी डीव्हीआर सांभाळणाऱ्याकडून ते आधीच घेऊन ठेवलं की आक्षेपाला जागा उरत नाही.

पोलिसांकडे जायचं का? जावं, पण कंपनीने पाठवलं म्हणून नव्हे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ चोरीचं आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते. अशा नोंदीचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, त्यामुळे मिक्सर सापडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. नोंदीचा उपयोग तारखेसाठी असतो. तुम्ही घटना लगेच कळवलीत, हे तिच्यावरून दिसतं. ५,००० किंवा त्याहून जास्त किंमत असेल तर गुन्हा दखलपात्र होतो आणि एफआयआर नोंदवून घ्यायचा आग्रह धरायचा. ठाणे अंमलदाराने तोंडी ऐकून परत पाठवलं, तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात ‘मला मिळालेलं पार्सल चोरीला गेलं’ असं लिहू नका. ते खरंही नाही आणि त्याने डिलिव्हरी मान्य केल्यासारखं होतं. ‘माझ्या परवानगीशिवाय दाराबाहेर ठेवलेलं, मला न मिळालेलं पार्सल अज्ञात इसमाने नेल्याचं दिसतं’ असं लिहायचं.

कंपनीकडच्या लेखी तक्रारीत हीच शिस्त ठेवायची. आमच्या तक्रारीचा मजकूर असा होता:

‘ऑर्डर क्र. … मधील वस्तू दि. … रोजी दु. १.०३ वाजता “ग्राहकाकडे सुपूर्द” अशी नोंद आपण केली आहे. त्या वेळी घराला बाहेरून कुलूप होते, हे आपल्याच फोटोत दिसते. मी किंवा मी नेमलेल्या कोणत्याही व्यक्तीने वस्तू स्वीकारलेली नाही. दारात ठेवण्याची सूचना मी दिलेली नाही व ओटीपी मागितला गेला नाही. वस्तूची डिलिव्हरी झालेली नसल्याने रु. ४,२९९ मूळ खात्यात परत करावेत.’

राग, धमकी, ‘सोशल मीडियावर टाकीन’ यातलं काही लिहू नये. हाच कागद पुढे आयोगासमोर जातो.

ही तक्रार चॅटवरच्या प्रतिनिधीकडे नाही, तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने असा अधिकारी नेमून त्याचं नाव, पद आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. बहुधा तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात निवारण करायचं. प्लॅटफॉर्मने प्रत्येक तक्रारीला तिकीट नंबरही द्यायला हवा. ४८ तासांत पोच आली नाही, तर दुसरा ईमेल लिहून तेवढंच नोंदवा: ‘नियमाप्रमाणे पोच मिळालेली नाही.’ पुढे हे एक वाक्य फार कामाला येतं. त्याच ईमेलमध्ये विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणि ईमेल मागून घ्या. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास ही माहिती देणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे, आणि आयोगात पक्षकारांची यादी करताना ती लागतेच.

इथे टोलवाटोलवी सुरू होते. प्लॅटफॉर्म म्हणतो, आम्ही फक्त मध्यस्थ. विक्रेता म्हणतो, माल कुरिअरला दिला, आमचं काम संपलं. कुरिअर म्हणतो, आमचा करार विक्रेत्याशी, तुमच्याशी नाही. तिघांपैकी दोषी कोण, हे शोधत बसू नका. ते ठरवायचं काम ग्राहकाचं नाही. तिघांनाही लिहा. डिलिव्हरी प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या यंत्रणेने केली असेल, तर खोक्यावरच्या लेबलवरून किंवा ट्रॅकिंगच्या पानावरून ते कळतं, आणि मग ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे म्हणणं बरंच लंगडं पडतं. कुरिअर रस्त्याने माल नेणारा वाहतूकदार असेल तर आणखी एक मुदत लक्षात ठेवा. कॅरेज बाय रोड अधिनियम, २००७ च्या कलम १६ खाली माल हरवल्याची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत जावी लागते, नाहीतर त्याच्यावर दावा चालत नाही. म्हणून कुरिअरला पहिल्याच आठवड्यात कळवून टाकावं.

याच काळात १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवावी. मराठीत बोलता येतं, आणि पोर्टल किंवा अ‍ॅपवरूनही तक्रार भरता येते. तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. बऱ्याच मोठ्या कंपन्या या यंत्रणेशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे आधी दाद न देणारी कंपनी इथून गेलेल्या तक्रारीला उत्तर देते. मात्र हेल्पलाइनला आदेश काढायचा अधिकार नाही, ती समेट घडवायचा प्रयत्न करते. पोर्टलवर ‘निकाली’ असा शेरा आला आणि पैसे आले नाहीत, तर हक्क संपला असं समजू नका. आमच्या बाबतीत कंपनीने ‘डिलिव्हरी पूर्ण’ एवढंच उत्तर दिलं आणि तक्रार बंद झाली. त्या उत्तराची प्रत जपून ठेवली, कारण कुलपाचा फोटो हाती असतानाही कंपनीने तेच उत्तर दिलं होतं.

पैसे कार्डने दिले असतील तर बँकेकडे ‘वस्तू मिळाली नाही’ या कारणाने चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट बघत महिने घालवू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण ती तक्रार बँकेच्या वागण्याबद्दल असते, पार्सलबद्दल नाही. यूपीआयने दिले असतील तर त्या व्यवहारावरच अ‍ॅपमध्ये तक्रार नोंदवा. एकीकडून पैसे आले की दुसरीकडची मागणी लगेच मागे घ्यायची. दोन्हीकडून घेणं चूक आहे आणि ते पकडलंही जातं.

महिना उलटला की नोटीस. वकील लागतोच असं नाही. तारखांच्या क्रमाने घटना, मागणी आणि १५ दिवसांची मुदत एवढं एका पानात बसतं. नोटीस स्पीड पोस्टने पाठवायची आणि ट्रॅकिंगची प्रिंट काढून ठेवायची. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालेलं आहे. पाठोपाठ तोच मजकूर ईमेलने.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनीच्या अटींमध्ये ‘फक्त अमुक शहरातील न्यायालये’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून लोक घाबरतात. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ऑनलाइन भरणा १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर होतो. अनुक्रमणिका, घटनांची तारीखवार यादी, पक्षकारांचे पत्ते, तक्रार, नोटरी केलेलं शपथपत्र आणि पानांना क्रमांक घातलेले पुरावे, असा संच तयार करा. छापील प्रतीही मागितल्या जातात. सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, तीन असतील तर त्या हिशोबाने संच काढून ठेवा, त्यांच्यासाठी प्रत्येकी एक, आयोगासाठी आणि स्वतःसाठी वेगळे. सर्वांत जास्त खोळंबा पत्त्यांवरून होतो. सामनेवाल्याचा पत्ता अर्धवट असेल तर नोटीस परत येते आणि पुढची तारीख पडते.

मागणी प्रमाणात ठेवा. वस्तूची किंमत, तारखेपासून व्याज, तक्रारीचा खर्च आणि मनस्तापाची माफक रक्कम. ४,२९९ च्या मिक्सरसाठी ५ लाखांची भरपाई लिहिली, की खऱ्या मुद्द्यावरून लक्ष उडतं. तक्रारीसोबत एक वेगळा अर्ज जरूर जोडा: सामनेवाल्याने डिलिव्हरीची जीपीएस नोंद, फोटोची मूळ फाइल आणि फोनची नोंद हजर करावी. कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आयोगाला आहेत. असा अर्ज दिला आणि कंपनीने नोंद दिली नाही, तर ते मौन तिच्या विरोधात मांडता येतं.

दाखल करून घ्यायचं की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांनंतर आलेला जबाब स्वीकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलेलं आहे. त्यामुळे नोटीस कोणत्या तारखेला बजावली गेली ते लिहून ठेवा आणि दिवस मोजा. वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा त्याहून लांबतात, तेवढा धीर धरायची तयारी हवी. स्वतः उभं राहून बोलता येतं. आयोगाचे प्रश्न साधे असतात: घरी कोण होतं, परवानगी दिली का, ओटीपी दिला का, कधी कळवलं. या चार प्रश्नांची उत्तरं कोणत्या पानावर आहेत, ते तोंडपाठ असावं.

नोटीस बजावली गेली की लहान रकमेच्या बऱ्याच प्रकरणांत तडजोडीचा फोन येतो. आमच्याकडेही आला. आधी ‘वॉलेटमध्ये क्रेडिट देतो’ म्हणाले. ते घेतलं नाही, कारण क्रेडिट म्हणजे त्याच दुकानात पुन्हा खर्च करायला लावणं. मूळ किंमत आणि खर्च बँक खात्यात, असं ईमेलवर लिहून घेतलं. तडजोड झाली की आयोगात पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, द्यावी लागते. समोरचे वकील म्हणतात, ‘आज पुरसिसवर सही करा, पैसे आठवड्यात येतील.’ तेव्हा सही करू नका. पुढची तारीख मागा. खात्यात रक्कम जमा झालेली दिसली, ती ठरल्याएवढी आहे हे तपासलं, वस्तू हप्त्यांवर घेतली असेल तर हप्तेही बंद झाल्याचं बँकेच्या उताऱ्यात पाहिलं, की मगच सही करायची, आणि पुरसिसमध्ये जमा रकमेचा व्यवहार क्रमांक लिहायचा.